हातभर पाणी

१८ सप्टेंबर

पीयूषदादा,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून पत्र. तुझ्या गोंदियातल्या कुडव्याच्या घराचा पत्ता तू काम करतोस त्या पंपाच्या दुकानातल्या टिंकूने दिला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याच्या मागे लागले होते.

घरी सगळं ठीक आहे. बाबांची तब्येत बरी आहे.

पोळ्यानंतर पाऊस आलेला नाही. आभाळ रोज भरतं आणि आपल्याकडच्या प्रतापगडाच्या डोंगरामागे निघून जातं. तलावाचं पाणी यंदा लवकर सोडावं लागणार, म्हणून तलावात किती हात पाणी आहे ते सांगायची बैठक आधीच घ्यायचं ठरलं आहे. आणि यंदा पाणी मी सांगणार आहे. बाबांना सध्या तलावाच्या पाळीवर चढवत नाही, एवढंच कारण. पाणी समितीचे लीलाधरकाका घरी आले होते. मी म्हटलं, पीयूषदादाला विचारून पाहा. ते म्हणाले, "त्याले कोठं विचारत बसू, बाई? काठी तुमच्या घरची हाय. तू उतरव, तू सांग."

पाणी मोजायची काठी दुसऱ्या घरात जात नाही, हे तुला माहीत आहे. तू एकदाच ती न विचारता घेतलीस. पाणी सोडायच्या तुडुमाच्या दगडावर उभं राहून पाण्यात उतरवलीस, आणि बाबांनी बैठकीत सांगितलं होतं त्यापेक्षा हातभर पाणी जास्त निघालं. त्या दिवशी घरात तू जे बोललास त्यातला एक शब्द आईला कळला नव्हता. "काय म्हने व तो?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही, इंग्रजीत बोलला. मला तो कळला होता. "तुम्ही गावाला चीट करता."

तुझा शब्दकोश इथेच राहिला आहे. मी त्यात तो शब्द काढला. पहिला अर्थ खेळात किंवा परीक्षेत नियम मोडून फायदा करून घेणे असा आहे. माझ्या शिकवणीची पोरंही एवढाच अर्थ जाणतात. गोट्या खेळताना "चीटिंग! चीटिंग!" ओरडतात, हमरीतुमरीवर येतात आणि थोड्या वेळात पुन्हा त्याच रिंगणात बसतात. तुला घर सोडून तीन वर्षं होतील.

मला विचारायचं होतं ते असं. बाबा म्हणतात, काठी जे दाखवेल त्यात हातभर कमी करून सांग. मला ते जमणार नाही. मी अडखळेन आणि सगळ्यांना कळेल. तू ये आणि तूच सांग. तुला जे खरं वाटतं तेच सांग, मी मधे येणार नाही.

पुष्पांजली


२४ सप्टेंबर

पीयूषदादा,

मागच्या पत्रात बाबांची तब्येत बरी आहे असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा उजवा हात गेला. तोंडही एका बाजूला ओढलं आहे, बोलणं जड झालं आहे. गोंदियाच्या दवाखान्यात आठवडाभर होते. तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तुला कळवू नको असं बाबांनी सांगितलं आणि मी ऐकलं. लिहायचं राहून गेलं असं म्हणता आलं असतं, पण राहून गेलं नव्हतं.

आता बरे आहेत, म्हणजे बसतात, डाव्या हाताने जेवतात. ही ओळ मी दोनदा तपासली आहे.

काल मी त्यांना सरळ विचारलं, "बाबा, हातभर पाणी कमी काऊन सांगायचं?"

बराच वेळ त्यांनी शब्द गोळा केले. मग म्हणाले, "खालच्याइसाठी."

खालच्या म्हणजे देवाजीकाकांची आणि त्यांच्या भाऊबंदांची शेतं. तलाव बांधला तेव्हा तिथे शेतीच नव्हती, झुडपी जंगल होतं. म्हणून पाण्याची बारी फक्त वरच्या आणि मधल्या शेतांच्या बांध्यांना. सांगितलेलं पाणी त्यांच्यातच वाटलं जातं. उरलं तर खाली जातं. बाबा म्हणाले, "उरत नाई पुष्पे. उरवा लागते."

"पण खाली आपलीही बांधी आहे ना, बाबा?"

ते भिंतीकडे वळले. आई चुलीपासून ओरडली, "बापाले कोर्टात उभा करून राहिली काय व? गोळी देली का त्याले दुपारची?"

गोळी द्यायची राहिली होती. ती दिली. पण प्रश्न तसाच आहे. खालच्या सगळ्यांमध्ये आपणही आहोत. म्हणजे तू म्हणालास ते अगदीच चूक नव्हतं. शब्दकोशात दुसरा अर्थ आहे, खोटं बोलून दुसऱ्याचं काढून घेणे. वरच्यांच्या हक्काचं पाणी न सांगता खाली सोडणं त्यात बसतं की नाही, हे मी रात्रंदिवस ताडून पाहते आहे. बसतं असंच मला वाटतं.

तुला आठवत असेल, मी सारखी तापायची म्हणून मला शाळेत उशिरा घातलं. आईने सुपात तांदूळ पसरून त्यात बोटाने अक्षरं काढायला शिकवलं, आणि बाबांनी पाळीवर बसवून काठीच्या खुणांवर बेरीज-वजाबाकी. काठी पाण्यातून काढली की ओली खूण मी वाचायची. चुकून जास्त सांगितलं तर म्हणायचे, "जितकं ओलं तितकंच बोल." हे त्यांनीच शिकवलं आहे. आता तेच मला उलटं सांगतात.

आज सकाळी काठी धुवायला पाळीवर गेले होते. देवाजीकाकांच्या कुसुमबाई शेळ्या घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "यंदा तू सांगशीन म्हने पानी?"

"हो मावशी."

"बापावानी सांगजो, बाई."

मी म्हटलं, अगदी बाबांसारखंच नीट मोजून सांगेन. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि शेळीला हाक मारली.

परवा बैठक आहे. सौंदडला उतरलास तर गुड्डूचा ऑटो मिळेल. त्याला सांगून ठेवलं आहे.

पुष्पांजली


२७ सप्टेंबर

पीयूषदादा,

तू आला नाहीस. गुड्डू दोन गाड्यांना स्टेशनवर जाऊन आला.

बैठक झाली. मी चार हात सांगितलं. काठी चार हातच ओली झाली होती.

कसं झालं ते सांगते, म्हणजे तुला समाधान वाटेल. मोहाच्या झाडाखाली सगळे जमले होते. शालीकरामकाका त्यांच्या नेहमीच्या जागी, मुळीला टेकून. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात मोठ्या बांध्या त्यांच्या, म्हणून मला त्यांचीच भीती होती. खालचे लोक नेहमीसारखे मागे, उभे. मी काठी आडवी धरली आणि आकडा सांगितला. 

 शालीकरामकाका हसले. "चार! बाप घरी बसला, पर पोरगी त्याचीच हाय."

सगळे हसले. मागे देवाजीकाकाही हसले. लीलाधरकाका म्हणाले, "चार तं चांगलंच झालं न, गा. मले वाटलं तीन सांगन. होऊ द्या मोकळ्या हातानं." आणि वरच्यांना, मधल्यांना भरपूर बाऱ्या लावून दिल्या. भांडण नाही, आरडाओरड नाही. दरवर्षी बाबा घरी येऊन डोकं धरून बसायचे. मला वाटलं, खरं सांगितलं की इतकं सोपं होतं तर.

मी उठून विचारलं, "खालच्या बांध्यांचं काय?" तर शालीकरामकाका म्हणाले, "त्याची काळजी तू नको करू. ते होते दरसाल बराबर." मला ते आश्वासन वाटलं. मी लिहूनही घेतलं असतं, पण बरं दिसलं नसतं.

मी चीट केलं नाही, एवढं तुला कळवायचं होतं.

एक गोष्ट आहे. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "किती सांगितलं?" मी म्हटलं, "तीन." त्यांनी मान हलवली आणि शांत झोपले. डॉक्टरांनी त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका म्हणून बजावलं आहे. तेवढ्यासाठी. पण हे न लिहिता पत्र बंद करता येईना.

पुष्पांजली


२२ ऑक्टोबर

पीयूषदादा,

पाणी संपलं.

वरच्या बाऱ्या झाल्या, मधल्या झाल्या. काल सकाळी तुडुमातून नुसता गुळगुळ आवाज यायला लागला. तुडुमाच्या खालचं मेलेलं पाणी तेवढं तळाशी आहे, ते पाटात चढत नाही. खाली उशिरा पिकणारा भारी धान निसवला आहे. लोंब्या बाहेर पडल्यात, दाण्यात दूध भरायचे दिवस आहेत, आणि बांध्यांना भेगा पडायला लागल्या आहेत.

मी तुडूम बंद करत होते तेव्हा शालीकरामकाका आले.

"बंद काऊन केलं व? खाली सोड न आता."

"संपलं काका."

"असं कसं संपन? अजून हातभर असन न."

"नाही काका. चार होतं. चार वाटलं."

 ते तुडुमाच्या दगडावर बसले.

"चार होतं तं चार कायले सांगितलं व?"

 तेवढ्यात लीलाधरकाका आले. शालीकरामकाका त्यांना म्हणाले, "ऐक गा. पोरीनं होतं तितकंच सांगितलं."

लीलाधरकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अवो बाई, असते तितकं सांगत असते काय कोनी? तुह्या बापानं कधी सांगितलं? तुह्या आजानं सांगितलं? आमी हातभर धरूनच चालतो. तो खालच्याइचा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? बाबा कमी सांगतात हे?"

"आमाले माईत, खालच्याले माईत. तुह्या बापाले माईत का आमाले माईत हाय."

"मग उघड का नाही सांगत? खालच्यांचा हातभर म्हणून?"

"उघड सांगितलं का हिस्सा झाला," लीलाधरकाका म्हणाले. "हिस्सा झाला का कोनी तरी कागद काढते. कागदात खालच्याचं नाव नाई. मंग झगडा, मंग कोर्ट. अन् न सांगितलेल्या पान्यासाठी कोन कोर्टात जाते? ते गुपचूप खाली जाते. झालं."

शालीकरामकाका म्हणाले, "मी दरसाल तुह्या बापाले म्हंतो, पुनाराम, यंदा पानी कमी वाटते गा. तो म्हंते, हव, कमीच हाय. मी म्हंतो, बरं." आणि पुढे, "मी का येडा हाय? माह्या वावरातून दिसत नाई का मले, खाली पानी कोठून चाललं ते?"

मी लबाडीचा आकडा सांगेन असं सगळ्यांनी विश्वासाने धरलं होतं. म्हणून हसले होते. म्हणून इतक्या मोकळ्या हाताने वाटलं. कोणी हावरटपणा केला नाही, दादा. खालच्यांचं पाणी बाजूला आहे असं समजूनच त्यांनी घेतलं. बाजूला काही नव्हतं, कारण मी ते बोलून टाकलं होतं.

तू काठी घेऊन जे शोधून काढलंस ते गावात प्रत्येकाला माहीत होतं. फक्त आपल्या दोघांना नव्हतं. बाबांनी आपल्याला "जितकं ओलं तितकंच बोल" हे आधी शिकवलं. पुढचं नंतर कधी सांगायचं ठरवलं असेल. तू थांबला नाहीस, आणि मी विचारलं तेव्हा त्यांचं तोंड चालत नव्हतं.

मी अजून खाली गेलेले नाही. उद्या जाईन.

पुष्पांजली


२३ ऑक्टोबर

पीयूषदादा,

गेले होते. कुसुमबाई बांधावर बसून गवत कापत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विळा खाली ठेवला नाही.

"मी तुले म्हटलं होतं न, बापावानी सांगजो."

"मला वाटलं, नीट मोजून सांग असं म्हणताय."

"वाटलं! एवढी शिकली, अन् एवढं नाई समजलं?"

मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडून बांधी भरते काय? भरत असन तं रड, मी बी बसतो संग." देवाजीकाका पलीकडे भेगेत बोट घालून बघत होते. ते मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शब्दकोशात त्या शब्दाचा अजून एक अर्थ आहे, एखाद्याच्या वाट्याचं त्याच्या हातून जाऊ देणे, त्याला मुकवणे. मी एकही शब्द खोटा न बोलता ते करून बसले. तो कोश आता मी माळ्यावर टाकला आहे.

आता कामाचं. मेलेलं पाणी अजून बरंच आहे. ढोरांपुरतं आणि मासोळीपुरतं ठेवूनही खालच्या बांध्यांना एक पाणी होईल, आणि एकच लागतं. पण ते उपसून पाटात टाकायला मोठा डिझेल पंप हवा. तो तुझ्या दुकानात आहे. टिंकूला विचारलं, तो म्हणाला भाड्याने देतो, पण तुझ्या हातचं काम आहे, नवीन माणूस एवढा पाइप जोडू शकत नाही.

मेलेल्या पाण्याला हात लावायचा नाही असा गावाचा नियम आहे. लीलाधरकाकांना परवानगी मागायला गेले. ते म्हणाले, "मले विचारू नको. विचारलं तं मले नाई म्हना लागन." मी निघाले तर मागून म्हणाले, "मी परवापासून दोन दिवस पाव्हन्याकडे जाऊन राहिलो."

मला आता असलं समजायला लागलं आहे.

माझ्यासाठी नको येऊस. बाबांसाठी नको. घरात पाऊलही टाकू नकोस हवं तर. पण लोंब्या आठवडाभर थांबणार नाहीत. हे पत्र गुड्डूच्या हातात देऊन सकाळच्या गाडीने पाठवते आहे, टपालात टाकत नाही.

पुष्पांजली


४ नोव्हेंबर

पीयूषदादा,

आपण दोन दिवस एकाच पाळीवर होतो आणि "पाइप धर", "ढिला सोड" यापलीकडे बोललो नाही. म्हणून हे पुन्हा लिहावं लागतं आहे.

धान वाचला. सगळा नाही, कडेच्या दोन बांध्या पोचट गेल्या. त्यातली एक आपली आहे. पण देवाजीकाकांच्या लोंब्या वाकल्या आहेत. कुसुमबाईंनी मला काल हाक मारून दाखवल्या. एक लोंबी हातावर चोळून दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, "पुढच्या साली किती सांगशीन?" मी म्हटलं, "कमी." त्या म्हणाल्या, "हं."

डिझेल संपत आलं तेव्हा तू दोनदा विचारलंस की भरलेली कॅन पाळीवर कोणी आणून ठेवली. मी माहीत नाही म्हटलं. ती शालीकरामकाकांच्या ट्रॅक्टरची होती. त्या दोन दिवसांत गावातलं एक माणूस तलावाकडे फिरकलं नाही. ढोरंही दुसऱ्या वाटेने नेली.

आता घरातलं. तुला कोणी सांगितलं नसेल.

पंप सुरू झाला तेव्हा बाबा खाटेवर बसून ऐकत होते. आपल्या घरात तो आवाज चांगला येतो. संध्याकाळी मी आले तर म्हणाले, "कोन हाय?"

मी म्हटलं, "गोंदियाच्या दुकानातला माणूस."

"नाव?"

"विचारलं नाही, बाबा."

 ते तोंडाच्या चांगल्या बाजूने हसले. "हव. दुकानातलाच असन."

आईने डबा भरला. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी. वांगी कालच आणलेली, टोपलीत भरलेली होती. मी म्हटलं, वांगं पण दे की थोडं. तर म्हणाली, "दुकानातल्या मानसाले वांगं चालत नाई." आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "धूर किती करून राहिली व चूल आज."

तो डबा तू पूर्ण खाल्लास. आईने रिकामा डबा उघडून दोनदा पाहिला.

लीलाधरकाका पाव्हण्यांकडून परत आल्यावर बाबांना भेटायला आले आणि बैठकीत मी चार सांगितल्याचं बोलून गेले. मी दाराआड उभी होते. ते गेल्यावर बाबांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता. पण ते म्हणाले, "मले तं तू बराबर सांगितलं होतं. तीन." आणि त्यांचं ते अर्धं हसू. ते असं हसतात तेव्हा राग आहे की नाही कळत नाही. मी विचारलं नाही.

काल त्यांनी मला काठी आणायला सांगितली. डाव्या हाताने धरली. वरच्या खुणेच्या जरा खाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं ओलं. इथं बोलाचं." बोट हातभर खाली आणलं. "त्याले बी शिकवजो. कधी आला तं."

तुझा पंप बैलबंडीतून आपल्या अंगणात आणून ठेवला आहे. पाळीवर ठेवायला नको म्हणून, असं आणणाऱ्याने सांगितलं. कोणी आणला ते विचारू नकोस. पुढच्या आठवड्यात आपल्या गावची मंडईची जत्रा आहे. आई पोहे कांडून आणते आहे, एवढे कशाला विचारलं तर पाव्हणे येतात म्हणते. कोणते ते सांगत नाही.

आज सकाळी मी पंप चालवून पाहिला. पहिल्याच झटक्यात सुरू झाला. बाबा खाटेवरून ऐकत होते. बंद केल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि दुकानात काय कळवायचं ते सांगितलं. मी कळवते आहे.

पंप बिघडला आहे. येऊन पाहून जा.

पुष्पांजली